बुधवारी तापवलेला साउना

मम्मू, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. नातवंडं फिनिश पद्धतीने आजीला मम्मू म्हणायची, मीही तेच उचललं. सासूला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना आणि आई म्हणायला मन वळेना. हे मराठीत लिहितेय. तुम्हाला ती येत नव्हती, आणि माझ्या लेकीला बोलता येते पण वाचता येत नाही, म्हणून इथे मला हातचं न राखता लिहिता येईल. ॲन आर्बरला मार्च संपत आला तरी बसस्टॉपपाशी बर्फाचे काळे ढीग आहेत. तुमच्या डाकोटात तर जमिनीत अजून कुदळ शिरत नसेल.

लेक तुमच्या घराण्याचा इतिहास लिहितेय. जुलैत सगळी भावंडं फार्मवर जमणार आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची असं तिच्या मनात आहे. दोन वर्षं ती प्लेनोहून ऑफिस सांभाळून यामागे लागली आहे. तुमचे वडील फिनलंडहून कुठल्या बोटीने आले, सरकारने फुकट दिलेली एकशेसाठ एकर जमीन त्यांनी कशी नांगरली, ती जमीन आधी कुणाची होती, सगळं तिने खणून काढलंय. चर्चच्या मृत्यूंच्या वहीत एकाखाली एक लिहिलेली तीन मुलं तिलाच सापडली. दर रविवारी फोन करून ती मला काहीतरी विचारते. मागच्या रविवारी तिने तुमच्या मृत्यूचं पान वाचून दाखवलं. त्यात आहे की भारतातून आलेल्या सुनेने तुम्हाला घरच्या साउनात, वाफेच्या न्हाणीघरात, शेवटची आंघोळ घातली, तुम्ही तुमच्या आईला घातली होती तशीच. वाचून झाल्यावर म्हणाली, “आई, हे करेक्ट आहे ना? प्रिंटला द्यायच्या आधी आय वॉन्ट टू बी शुअर.” मी म्हटलं, भाजी करपतेय, नंतर बोलू. गॅसवर काहीही नव्हतं.

ते पान खोटं आहे, मम्मू. हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तो ऑगस्ट आठवतो का? गव्हाची कापणी चालू आहे, आम्ही दोन आठवड्यांच्या रजेवर आलोय, तुमचा मुलगा पहाटेपासून कम्बाइनवर आहे आणि मी तुमच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बटाटे सोलतेय. फोन वाजतो. नागपूरहून माझा भाऊ. आवाज तुटत होता, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं. आई संध्याकाळी गेली, आता वहिन्या आंघोळ घालताहेत, सकाळी नेणार. मी फोन ठेवला आणि हेच सगळं तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आंघोळीसकट, का कोण जाणे. मग म्हटलं, मी निघते. तुमच्या हातातली सुरी थांबली नाही. तुम्ही म्हणालात, “तू पोचशील तेव्हा राखही उरलेली नसेल. इथे अकरा माणसं जेवायची आहेत.” हिशोब अगदी बरोबर होता. तोच मला कधी गिळता आला नाही. मी उरलेले बटाटे सोलले, मांस भाजायला ठेवलं, वर सफरचंदाचा पायसुद्धा केला. तुमचा मुलगा दिवस मावळताना घरी आला, मला जवळ घेऊन तिकिटाचं बघू म्हणाला. तोवर मीच नको म्हणण्याइतकी दगड झाले होते.

जेवणं उरकल्यावर तुम्ही काही न बोलता मागच्या दाराने गेलात, आणि थोड्या वेळाने साउनाच्या धुराड्यातून धूर दिसला. त्या दिवशी बुधवार होता. तुमच्या घरी ते लाकडी न्हाणीघर शनिवारी तापायचं, फक्त शनिवारी. पाहुणा आला म्हणून नाही, कुणाची पाठ धरली म्हणून नाही. नवी नवरी असताना एका मंगळवारी मी हौसेने विचारलं तर “आज शनिवार नाही” एवढंच म्हणून तुम्ही कणीक मळत राहिला होतात. त्या बुधवारी तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत. बारा वर्षं मी टॉवेल घट्ट गुंडाळून खालच्या फळीवर बसत आले होते. त्या दिवशी तुम्ही तो काढून खुंटीला लावलात आणि आपण दोघी वरच्या फळीवर बसलो. तुम्ही तापल्या दगडांवर पळीने पाणी ओतलंत. वाफेत मला रडता आलं, आणि तुम्ही ते पाहिलं नाही असं दाखवलंत.

मग तुम्ही बोललात, एवढ्या वर्षांत मिळून बोलला नव्हतात तेवढं. तुमच्या आईवडिलांनी जमीन मिळाल्यावर घराच्या आधी हा साउना बांधला, नदीकाठचे ओंडके ओढून आणून. पहिला हिवाळा ते त्यातच राहिले. पहिलं मूल त्याच फळीवर जन्मलं. शनिवारी चार-चार मैलांवरून शेजारी घसरगाड्या जोडून यायचे, कारण माळरानावर एकाचा साउना तापला की तो सगळ्यांचा, आणि आलेल्याला परत पाठवणं हे फिनिश माणसाला जमायचं नाही. एका हिवाळ्यात शेजारी असंच एक आजारी पोर घेऊन आले. गळा सुजलेला, श्वासाला घरघर. तुमचे वडील म्हणाले, यांना आजचा दिवस परत पाठव. तुमच्या आईने सांगितलं, शनिवार आहे. उलट तिने ते पोर स्वतःच्या मांडीवर घेऊन वरच्या फळीवर नेलं, कारण वाफेने बरं वाटतं हे त्यांच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची स्वतःची तिन्ही मुलं भोवती बसली होती. तीन आठवड्यांत तिने तिघांनाही त्याच फळीवर शेवटची आंघोळ घातली. जमीन इतकी गोठली होती की वसंतापर्यंत तिघांच्या पेट्या धान्याच्या कोठारात ठेवाव्या लागल्या. शेजाऱ्यांचं पोर वाचलं. तुमचा जन्म त्यानंतरचा. आईने हे तुम्हाला अगदी शेवटी सांगितलं, आपल्याला धुणारीला कळायला हवं म्हणून. पुढेही ती दर शनिवारी साउना तापवत राहिली, त्याच शेजाऱ्यांसाठीसुद्धा.

मी मुलांची डॉक्टर. तो घटसर्प होता हे मला पहिल्या दोन वाक्यांत कळलं होतं. बंद खोलीत, तशा गर्दीत तो कसा पसरतो तेही सांगता आलं असतं. मी गप्प बसले. तुमच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली ती एक चांगली गोष्ट असावी.

आणि मग तुम्ही ते विचारलंत. “तुमच्यात घरच्याच बायका आंघोळ घालतात, असं तू दुपारी म्हणालीस. माझ्या मुली घालणार नाहीत, त्या अमेरिकन झाल्या. तू घालशील?” त्याच दिवशी, मम्मू. माझ्या आईला कदाचित त्याच घटकेला अग्नी देत होते. तुम्ही दुष्ट नव्हता. विश्वास टाकायला तुम्हाला आयुष्यात एकच माणूस सापडलं होतं आणि तुम्ही वेळ पाहिली नाहीत. मी हो म्हटलं.

तुम्ही गेलात तो फेब्रुवारी. गावच्या नर्सिंग होममध्ये मी शेजारी होते. तुमचा मुलगा वादळामुळे मिनीॲपोलिसच्या विमानतळावर अडकला होता, नणंदा ॲरिझोनात. प्रेताची व्यवस्था पाहणारा माणूस भला होता. माझी मागणी त्याला चमत्कारिक वाटली असणार, पण त्याने आणि तुमच्या पुतण्याने तुम्हाला फार्मवर आणलं, साउनातल्या खालच्या फळीवर निजवलं आणि ते कॉफी घ्यायला घरात गेले. मी सकाळपासून मंद जाळ ठेवला होता. बादलीत कोमट पाणी, डांबराचा साबण, नवे टॉवेल, तुम्ही स्वतः शिवून कपाटात ठेवलेला पांढरा सदरा, सगळं हाताशी होतं. मेलेल्या माणसाला हात लावताना मी कधी कचरले नाही. मी फडकं भिजवलं, पिळलं, आणि तशीच उभी राहिले.

किळस नव्हती, भीतीही नव्हती. राग होता. सोळा वर्षं मुरलेला. माझ्या आईला मी पाणी घातलं नाही, आणि जिने मला जाऊ दिलं नाही तिला घालू? मी मोठ्याने मराठीत तुम्हाला विचारलं, “माझ्या आईच्या वेळी कुठे गेली होती ही आंघोळ?” तुम्ही तोंड किंचित उघडं टाकून पडला होतात, म्हाताऱ्या आणि लहानशा दिसत होता. तरी माझा राग उतरला नाही. तासभर मी तुमच्या पायाशी बसून राहिले. मग उठून टॉवेल भिजवले, पिळले, खुंट्यांना टांगले. साबण ओला केला. बादली फळ्यांच्या फटीतून ओतून दिली. तुमचे पुढचे केस ओले करून विंचरले आणि त्यांना हाक मारली. एकटीला उचलवत नाही, सदरा तुम्हीच घाला, म्हणाले. तो माणूस मान खाली घालून म्हणाला, इतक्या वर्षांत असं करणारी सून पाहिली नाही. पुतण्या रडला. दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा पोचला आणि माझे दोन्ही हात कपाळाला लावून बसला. तो चार वर्षांपूर्वी गेला. त्याला मी सांगितलं नाही.

काल लेकीचा पुन्हा फोन आला. ते पान काढून टाक म्हणायचं, असं मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. मी “त्या पानाचं” एवढंच म्हटलं, तर ती मध्येच म्हणाली, “आई, मी ठरवलंय. तुझ्या वेळी मी करणार. लाइक यू डिड फॉर मम्मू. फक्त मला शिकव, हाऊ इट्स डन.”  मला शहात्तर झाली आहेत. नवरा गेल्यापासून मला एकाच गोष्टीची धास्ती वाटते, की कुठल्यातरी थंड खोलीत परका माणूस मला रबरी हातमोज्यांनी उलटंसुलटं करेल. हे मी कुणाला बोलले नव्हते.

मी तिला शिकवलं. पाणी किती कोमट असावं, डोकं कसं धरावं, अंग झाकलेलं ठेवून एकेक हात कसा धुवावा. लहानपणी नागपूरला काकूच्या वेळी दाराआडून पाहिलं होतं तेवढ्यावर. ती लिहून घेत होती, मध्ये मध्ये नाक ओढत होती. शेवटी तिने विचारलं, मग ते पान तसंच ठेवू ना? मी म्हटलं, ठेव.

फोन ठेवल्यावर मला तुमच्यापुढे लाज वाटायला हवी होती, मम्मू. मला सुटल्यासारखं वाटलं.