कुलपातलं बिऱ्हाड

मंगळवार, ९ जुलै, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं.

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद (तूर्त राखून ठेवले आहेत, तुझं उत्तर पाहून पाठवीन). तुझी पाठ, गुडघे आणि बायको ठीक असतील अशी आशा करते. वर लिहिली ती वेळ तू केलेल्या आगळिकीची. तक्रारीत आधी वेळ लिहावी, राग मागाहून, असं आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर शिकवायच्या. वेळ लिहून झाली.

माझ्या पुढच्या दाराच्या कुलपात एका कुंभारमाशीनं घर केलं होतं. तोंडात चिखलाचा गोळा धरून ती दिवसभर येरझाऱ्या घालायची. चावीच्या भोकात तिनं अंडं ठेवलं, पोरासाठी सुरवंटांची शिदोरी भरली आणि वरून भोक लिंपून टाकलं. (तुझ्या बिल्डरनं इतकं नीट काम केलं असतं, तर तुझी न्हाणी गळली नसती.) पोर उडून जाईपर्यंत मी मागच्या दारानं ये-जा करणार होते. त्यात माझं काही बिघडलं नव्हतं. इथल्या दमट हवेत मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही, कपाटं फुगून बसतात, चपलांना बुरशी येते, आणि न्हाणीतला बेडूक माझ्याआधी आंघोळ उरकतो. या सगळ्यांशी माझं जमतं. न विचारता मदत करणाऱ्यांशी जमत नाही.

तू कुलूपवाल्याला घेऊन आलास. तो बिचारा म्हणाला, "बाई, आधी ही घाण खरवडतो." मी म्हटलं, "घाण कसली, घर आहे ते तिचं." त्यावर तू त्याच्यादेखत म्हणालास, "ताई, एक माशी तुला स्वतःच्या दारातून जाऊ देत नाही, आणि म्हणे एकटी राहणार. आमच्याकडे आठव्या मजल्यावर चल, तिथे डाससुद्धा येत नाही." न येईना का. जिथे यायला डासालाही लिफ्ट लागते, तिथे मी काय करू? मी तुमच्यासाठीच चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात तुम्ही खरवडून मोकळे. पायपुसण्यावर हिरवे सुरवंट पडले होते. नवं कुलूप बसलं, एक चावी तू खिशात टाकलीस ("अडीअडचणीला"), आणि चोरांच्या काळजीनं मागच्या दाराला आतून कडीही घालून गेलास.

तर ऐक. मी या घरातून हलणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजात मी जन्मभर उद्धट माणसांना ताटकळत ठेवलं आहे. तुला ठेवणं मला जड नाही. "आठव्या मजल्याचा विषय पुन्हा काढणार नाही" असं सहीनिशी लिहून, हे पत्र आणणाऱ्या इस्त्रीवाल्याच्या हाती आज संध्याकाळी पाचच्या आत दे. फोन करू नकोस.

तुझी
ताई

ता. क. फोन आत आहे. मी बाहेर आहे. माशी परत आली का ते पाहायला कागद-पेन हातात घेऊनच पायरीवर उतरले आणि तुझं ते आपोआप लागणारं कुलूप लागलं. माझी चावी जेवणाच्या टेबलावर आहे. खिडकीतून छान दिसते. उत्तराबरोबर तुझ्याकडची चावी पाठव.

ता. क. २. तू स्वतः येऊ नकोस. तुझा चेहरा आत्ता कसा झाला असेल ते मला इथे बसून दिसतं आहे.

ता. क. ३. ढग भरून आले आहेत. पाचच्या जागी चार वाचावे. मात्र चिठ्ठीशिवाय नुसती चावी आली, तर ती मी आल्या पावली परत पाठवीन आणि पायरीवरच बसेन.