सुग्रीवच्या क्रूझरविना महाबळेश्वर

१८ एप्रिल
चारा संपला, गायी आटल्या, दूध बंद. म्हणून आमच्या दूध संस्थेनं महाबळेश्वरला जाऊन पाण्याचा अभ्यास करायचा ठराव केला. एकमतानं मंजूर. चेअरमन माणिकराव म्हणाले, अहवाल लिहायला शिकलेला माणूस पाहिजे. चकलांब्यात असा मी एकटाच. कॉलेज मधेच सोडलं, पण त्यात नुकसान कॉलेजचं.
माणिकरावांची पोरगी अयोध्या पण येतेय. मे महिन्यात तिला बघायला पाहुणे येणार. त्याआधी तळ्याकाठी विचारून टाकायचं. प्लॅन पक्का.

२० एप्रिल, सकाळ
क्रूझर गाडी गावातल्या सुग्रीवची, चालवणारा पण तोच. मला सगळ्यात मागं, रिकाम्या कॅनांशेजारी कोंबलं. अयोध्या पुढं, सुग्रीवशेजारी. संचालक चंद्रभागाबाईंना विचारलं, अभ्यासाला कॅन कावून? तर म्हणाल्या, पानी बगायला चाललो, मोकळ्या हातानं कसं जावं? तुज्या आईनं पन एक दिलाय. वाद घातला नाही. लोक अडाणी आहेत.

रात्री, मुक्काम
घाटात उलटी झाली. सुग्रीवनं सगळ्यांदेखत विचारलं, काय बे, शिकलेल्याला पन गाडी लागती का? अयोध्या हसली. त्याचं मन राखायला हसली, हे मला स्पष्ट दिसलं. तिथंच जाहीर केलं, या गाडीत परत पाय ठेवणार नाही. इथं पाय आहेत, घोडे आहेत, एसटी आहे, नावा आहेत. इज्जतदार माणसाला क्रूझर कशाला?

२१ एप्रिल
सूर्योदय बघायला पायी गेलो. पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर. क्रूझर उतरताना भेटली. अयोध्येनं हात केला. मलाच केला. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं, एक म्हैस सोडून.
दुपारी घोडा. तळ्याकाठी ठरावीक झाडापाशी गेला की आपोआप माघारी वळतो. मालक म्हणाला, त्याला तेवढंच शिकवलंय. तोवर आपली मंडळी दुसऱ्या पॉइंटला गेलेली. अहवालात लिहिलं: घोडा विश्वासू नाही.

२२ एप्रिल
एसटीची पॉइंट दाखवायची गाडी पकडली. ती सगळे पॉइंट उलट्या बाजूनं घेते. जिथं जावं तिथून आपली मंडळी नुकतीच गेलेली.
संध्याकाळी मात्र सगळे तळ्यावर सापडले. नावांच्या तिकिटाची रांग होती. आमच्या संचालक मंडळानं पाण्यापाशी रांग बघितली आणि टँकरच्या सवयीनं कॅन घेऊन उभं राहिलं. खिडकीवाल्यानं विचारलं, किती माणसं? चंद्रभागाबाई म्हणाल्या, मानसं न्हाईत, कॅन हायेत. मी शरमेनं तिकडं बघितलं नाही.
पायडलची नाव घेतली, दोघांची. अयोध्येला बोलावलं. म्हणाली, नंबर जाईल, तुमी व्हा पुढं.
एकट्यानं पायडल मारलं की नाव जागीच गोल फिरते. हे आधी कोणी सांगत नाही. फिरता फिरता तिला विचारलंच, माझ्याशी लग्न करशील का. वारा उलटा होता. तिनं काठावरून ओरडून विचारलं, तितलं पानी गोड हाय का? नकार तर नाही दिला.
शेवटी सुग्रीवनं दोर टाकून ओढून काढलं. दोर मी मागितला नव्हता.

२३ एप्रिल, सकाळ
रात्रभर विचार करून सुग्रीवला माफ केलं. परतीला क्रूझरमध्ये बसायचं, वाटेत नीट विचारायचं.
गेलो तर माझ्या जागेवर हॉटेलच्या नळावर भरलेले कॅन, दोरीनं आवळलेले. गाठी अयोध्येच्या हातच्या. ती म्हणाली, तुमी बसनार न्हाई म्हनलता ना, मग जागा पान्याला दिली. चंद्रभागाबाई म्हणाल्या, बसायचं तर बस लेका, कुनाचं पानी वतायचं तेवडं सांग.
कडेचा कॅन आईचा होता.
निघताना अयोध्येनं खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या हातात काहीतरी दिलं. प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, घाटात लागंल. क्रूझर गेली.
पिशवी घडी करून वरच्या खिशात ठेवली. तिची पहिली भेट. जन्मभर जपणार.

दुपार, एसटीत
वाई यायच्या आतच वापरावी लागली.