विकतच्या गाण्यात सुगंधा नाही

पहूर, सोमवार

ती. हिलालभाऊ यांना चुडामणचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? बैल, कांदा आणि वहिनी खुशाल असतील. (हा क्रम तुमचाच, वहिनींनी माझ्यावर रागावू नये.) तुमची बहीण रुसून तिकडे आली त्याला आज बावीस दिवस झाले. माझा फोन ती उचलत नाही, आणि तुमचाही फोन तीच उचलते, म्हणून हे पत्र. तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता माझी ऐका.

बारा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या बायकांनी कानबाई देवीच्या गाण्यांची सीडी एका कंपनीकडून करून घेतली. एक तुमच्याकडेही आहे. तिच्यात सुगंधा सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे पळते. (सप्तपदीतही ती माझ्यापुढेच होती, तुम्ही पाहिलंय.) मी ती सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवली, तीही जागा वाचवायला अगदी हलक्या दर्जात. मग आता हिचं काय काम म्हणून मूळ सीडी ज्वारीत पाखरं हाकलायला टांगली. पाखरं काही गेली नाहीत, सीडी मात्र कामातून गेली.

यंदा कानबाईच्या सणाला त्याच कंपनीने ती गाणी साफ करून विकायला काढली, आणि मी ती मोबाईलवर विकत घेतली. आवाज घासलेल्या तांब्यासारखा लख्ख! कंपनीने खरखर काढली, खोकला काढला आणि पुढे पळणारी सुगंधाही काढली. रोटाच्या प्रसादाच्या जेवणाला सगळे भाऊबंद बसलेले, आणि मी अक्कल पाजळली, "आता कसं गाणं सुरात आलं!" सुगंधा वाढत होती. "मंग त्याच मोबाईलले भाकरी थापाले सांगा," एवढंच बोलली आणि सकाळच्या एसटीने निघाली.

भाऊ, तेव्हापासून ते विकतचं गाणं ऐकवत नाही. इतक्या बायका गातात, पण घरात कोणीच नाही असं वाटतं. मग घरची कॉपी लावतो. तिच्यात सुगंधा आहे, पण पाण्याच्या टाकीत बसून गातेय अशी. शब्द कळत नाहीत, फक्त ती दम घेते ते कळतं. तेवढ्यासाठी रोज लावतो. तिच्याशिवाय करमत नाही, हे लिहायला लाज कसली? तरी तुमची सीडी शोधून पाठवा. सोबत लोणच्याची बरणी ठेवू नका, मागच्या वेळी तेलाने पिशवी भिजली होती.

तुमचा मेहुणा,
चुडामण

ता. क. पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा, पण पाखरांचा भाग गाळा. ती सीडी कपाटात आहे असं तिला वाटतं.

ता. क. दुसरा. सीडी फार शोधू नका. मी रविवारी पिंपळनेरला येतोय. ती परत यायला तयार आहे का, एवढं तिला विचारून ठेवा. नाही म्हणाली तर माझंही अंथरूण तिथेच घाला.