मुंबई ते कुवेत, चार तास

सोलापूर,
१४ जुलै १९७७

विजूच्या बाबांना नमस्कार.

काल शाळेतल्या नकाशावर दोरा धरून मी मुंबई ते कुवेत अंतर मोजलं. सातवीला काळ-काम-वेग शिकवते, त्यामुळं सवय आहे. सत्तावीसशे किलोमीटर भरलं. विमानाला चार तास लागतात, हे तुमच्या कंपनीतल्या जोतीरामांनी सांगितलं. ते सुट्टीवर त्यांच्या गावी, करकंबला आलेत, जाता जाता घरी डोकावले. सोलापूरहून मुंबई गाठायला आपण रात्रभर गाडीत बसतो. तीन वर्षं प्रत्येक पत्रात तुम्ही ‘घरी यायला फार लांब पडतं’ असं लिहिता. मला वाटायचं, विमानालाही दोन-तीन दिवस लागत असतील.

“ते तर दोनदा मुंबईला येऊन गेले की, वैनी,” जोतीराम चहा पिता पिता म्हणाले. “कंपनीच्या कामाला. आठ-आठ दिवस ऱ्हायले.” मग माझ्याकडं बघून त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

म्हणजे चार तासांची वाट तुम्ही दोनदा आलात. राहिली ती फक्त मुंबईपासून घरापर्यंतची.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही उत्तर लिहाल, आणि आप्पांना दिसत नसल्यामुळं तुमची पत्रं मलाच मोठ्यानं वाचावी लागतात. आज जेवताना त्यांनी विचारलं, “सूनबाई, ते कुवेत लई लांब हाय का गं?”

“व्हय आप्पा,” मी म्हणाले, “लई लांब हाय.”

कुसुम