काचेखालचा मासा

रत्नागिरी,
फेब्रुवारी २००४

ती. सौ. दमयंतीवन्सं यांस लीलाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघे आता बरे आहेत असं धरून चालते, कारण मागच्या पत्रात दोन पानं त्यांच्यावरच होती. तुमच्या वरदच्या साखरपुड्याला चार दिवस आधीच येते. तुम्ही स्वतः मासे सोडलेत, तरी माझ्यासाठी शेजारणीकडून सुरमई करून आणणार म्हणता, त्याचं उत्तर शेवटी देते. आधी बेटाचं ऐका.

सलिलने आम्हा दोघांना लक्षद्वीपला नेलं. आईबाबांनी जन्मात काही बघितलं नाही म्हणे! म्हणून आधी रेल्वे, मग बोट, आणि बोटीत सगळा वेळ माझं डोकं बादलीत. उतरून बघते तर काय, माड! (आपल्या परड्यातल्या माडांकडे ह्या मुलाने कधी मान वर करून बघितलं नाही.) खाली वाळू, पुढे समुद्र. रिक्षाने इथल्या भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो असतो तर परत येऊन भात टाकला असता. तुमचे भाऊ जन्मभर किनाऱ्यावर राहून घोट्याच्या वर भिजले नाहीत, ते तिथे अर्धी चड्डी घालून फोटो काढून घेत होते. (पाय बघवत नव्हते.) एकाने हातात शहाळं दिलं आणि मला समजावलं, की आत पाणी असतं. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस.

मग तळाला काच लावलेल्या होडीत बसवलं. लोक वाकून वाकून किंचाळत होते. मी आपली मनात ठरवतेय, हा कालवणाचा, हा तळायचा. तेवढ्यात एक पोपटासारखा हिरवा मासा काचेखाली आला नि माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड फिरवलं, परत वळले, तर मेला तिथेच! बाजारातल्या माशांचेही डोळे उघडेच असतात, पण ते अशी ओळख काढत नाहीत. रात्री ताटात माशाचं कालवण आलं. मी म्हटलं, पोट बिघडलंय. घरी आले तरी ते सुधारलेलं नाही.

तर बेटावर बघण्यासारखं काही नाही. जाऊ नका.

तुमची,
लीला

ता. क. : सुरमई सांगू नका. तुम्ही मासे सोडलेत तेव्हा मी चार बायकांत तुम्हाला साध्वीबाई म्हटलं होतं, ते तुम्ही विसरला नसालच. म्हणून सगळ्यांना सांगा, वहिनी केवळ माझ्या सोबतीसाठी वालाचं बिरडं खातेय. उपकार मी तुमच्यावर केलेत असं दिसलं पाहिजे.

आणखी ता. क. : येताना पिशवीत सोडे आणतेय. मागच्या पडवीतली चूल मोकळी ठेवा. सोललेल्या सुक्या कोळंबीला डोकंच नसतं. बघणार कुठून?