वाणात दिलेली बस

प्रिय इंदू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चष्मा पुसशील आणि मग खिडकीपाशी जाऊन बसशील, हे मला इथून दिसतंय. फोनवर मी जीव तोडून ओरडते आणि तुझ्या कानात नुसती घरघर पोचते. मग तू "हो हो, बरी आहे मी" म्हणून ठेवून देतेस. कागदावर तरी माझं बोलणं पुरतं ऐकशील. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आपल्या शाळेतल्या सिस्टरनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, ओळीवर म्हशी चालल्यात की काय!

भर शहरातलं रामबागेतलं घर सोडून शहराबाहेर, राऊच्याही पुढे या कॉलनीत यायचं ठरलं, तेव्हा मी जयेशकडून एकच गोष्ट वदवून घेतली होती. गुरुवारी मला इंदूकडे जाता आलं पाहिजे. बाकी कुठेही ठेव, म्हटलं, दोन वेळचं जेवण आणि गुरुवार एवढं दे. हे गेल्यापासून माझ्या आठवड्याला तेवढाच एक दिवस उरला होता. त्यावर जयेशने बिल्डरचं गुळगुळीत पुस्तक उघडून दाखवलं. त्यात कॉलनीच्या कमानीपाशी एक निळी बस उभी होती आणि हसऱ्या चेहऱ्याची एक बाई तिच्यातून उतरत होती. "बघ आई, गेटवर सिटी बस!" तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. प्लॉट विकले जाईपर्यंत बिल्डरलाही बस हवीच होती. कमानीच्या आत मोकळं मैदान होतं, तिथे ती वळायची आणि परत शहराकडे निघायची.

तुला आठवतं, शाळेच्या टांग्यात आपण मागच्या बाजूला पाय लोंबकळत सोडून बसायचो? आपली मैत्री वर्गात झालीच नाही, ती त्या टांग्यात झाली. वर्गात मराठी बोललो म्हणून सिस्टरनी दोघींना बाहेर उभं केलं, तर बाहेर उभ्या राहून आपण मराठीतच बोलत बसलो. पुढे कॉलेजात टेम्पो आले. समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा, आणि प्रत्येक खड्ड्यात तुझं डोकं माझ्या कपाळावर. नोकरीला लागल्यावर तुझी लायब्ररी आणि माझी शाळा दोन दिशांना होती, तरी तू एक टेम्पो सोडून माझ्याबरोबर यायचीस आणि मग उलटी जायचीस. या गावात आपल्याला कुणी पोचवून द्यावं लागलं नाही कधी. घराबाहेर पडायचं, काही ना काही मिळायचंच.

इथे घराबाहेर पडलं की रस्ता मिळतो, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी पाम लावलेला, आणि त्यावर चालणारं माणूस एकही नाही. प्रत्येक बंगल्यापुढे दोन गाड्या. बसमध्ये मी एकटीच चढायची. कंडक्टर मोठा गमत्या होता. "आओ माताजी, पूरी बस आपकी है, लेट के जाओ!" म्हणायचा. पण डिसेंबरात एकदा तो गंभीर झाला. "सवारी नहीं है, माताजी. ऊपर रिपोर्ट जा रही है. ये फेरा कट जाएगा." त्या दिवशी तुझ्याकडे बसले होते आणि तू मला दोनदा विचारलंस, चहा कडू झालाय का म्हणून. चहा बरा होता, इंदू.

मग मला एक युक्ती सुचली. जानेवारीत सूनबाईचं, स्वानंदीचं, इथलं पहिलं हळदीकुंकू होतं. वाण काय लुटायचं यावर घरात चर्चा चालली होती. ती स्टीलचे डबे म्हणत होती. मी म्हटलं, यंदाचं वाण माझ्याकडून. आणि राऊला जाऊन मी बसची कार्डं घेऊन आले, आधीच थोडे थोडे पैसे भरलेली. प्रत्येक कार्डाला मी हातानं रेशमी दोरा बांधला. एकदा या बायका बसमध्ये बसल्या, राजवाड्यापर्यंत खिडकीतून गाव बघत गेल्या, की परत बसतील, असं मला खरंच वाटलं. स्वानंदी जरा ओशाळली होती, पण बिचारीने कार्डं तबकात नीट मांडली. मी आपली आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून पाहत होते. बायका किती गोड हसल्या म्हणून सांगू! "सो क्यूट, आंटीजी!" समोरच्या मिसेस खंडेलवालनी तर कार्ड कपाळाला लावून फोटो काढून घेतला. तिळगूळ पर्समध्ये टाकला, कार्डही टाकलं.

पुढच्याच आठवड्यात बस भरली. मी पायरीवरच थबकले. कंडक्टर ओरडला, "माताजी, क्या जादू कर दिया?" बायकांनी घरी जाऊन ती कार्डं आपापल्या कामवाल्यांना, स्वयंपाकिणींना देऊन टाकली होती. आमच्याकडे भांड्याला येणारी सुगनाबाई काम आटोपून घरी निघाली होती, माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर डबा घेऊन. इतके दिवस ती हायवेवरून पायी यायची-जायची. मला म्हणाली, "बाई, आप के बहाने बैठ लिए हम भी." मी इतकी खूश झाले, इंदू, की तुझ्या दारात येईपर्यंत हसतच होते. तू म्हणालीस, लॉटरी लागली का? खरंच लागली होती. सवारी मिळाली, आता फेरा टिकणार.

भरलेल्या बसनेच घात केला. रिकामी होती तोवर ती कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हती. आता सकाळी कमानीशी वीस-पंचवीस माणसं उतरायची, झाडाखाली बसायची, कुणी तंबाखू मळायचं, कुणाचं पोर रडायचं. कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी मुकुलजी, चांगला शिकलेला मुलगा, मला मीटिंगमध्ये हात जोडून म्हणाला, "आंटीजी, आपकी भावना की हम कदर करते हैं, पर ये गेटेड कॉलनी है, बस अड्डा थोड़ी है." मी उभी राहून बोलले. आधी हिंदीत, मग राग आल्यावर इंग्रजीत, शाळेतल्या वादविवादात बोलायचो तशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या उच्चारांचं कौतुक केलं. आणि मैदानाला साखळी लावून तिथे बाग करायचा ठराव मंजूर झाला. जयेशचाही हात वर होता. घरी येताना म्हणाला, "आई, मी एकटा विरोधात कसा जाणार? इथेच राहायचंय आपल्याला."

मैदान गेलं, तशी बसला वळायला जागा उरली नाही. काही दिवस ड्रायव्हरने ती उलटी चालवत हायवेपर्यंत नेली, कंडक्टर मागे उतरून "आने दो, आने दो" करत. एकदा एका मोठ्या गाडीला घासली. त्यानंतर ती हायवेवरूनच परतू लागली, आणि होळीच्या सुमारास राऊच्या पुढे यायचीच थांबली. मोबाइलवरून गाडी बोलावली तर ड्रायव्हर आधी विचारतो कुठे आहात, आणि सांगितलं की फेरी रद्द करतो. इथून परतीचं भाडं त्याला मिळत नाही. कामवाल्यांसाठी कमिटीने मॅजिक, म्हणजे छोटी व्हॅन, लावली आहे. काचेवर लिहिलंय, "केवल स्टाफ". एका गुरुवारी मी साडी नेसून, पर्स घेऊन तिच्यात जाऊन बसले होते. सुगनाबाईने सरकून जागाही दिली. गार्डने जयेशला फोन केला. तो आला, त्याने माझा हात धरून मला खाली उतरवलं. घरात आल्यावर म्हणाला, "लोग क्या कहेंगे, आई? आपल्याकडे गाडी नाही का?" गाडी आहे. रविवारी आहे, त्याला वेळ असला तर. तशी मी एकदा आले होते तुझ्याकडे. तो खाली हॉर्न वाजवत होता आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत बसलो होतो. काहीच बोलणं झालं नाही.

हायवेपर्यंत चालून पाहिलं मी. गुडघे तिथवर नेतात, पण पुढे तो रस्ता ओलांडायचा कसा? ट्रक थांबत नाहीत. मी दुभाजकापलीकडच्या, शहराकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाड्यांच्या थांब्याकडे बघत उभी राहिले आणि मग परत फिरले. आता गुरुवारी सकाळी आंघोळ करून तयार होते, आणि नंतर काय करायचं ते कळत नाही. बागेत कारंजं लावलंय. त्याला पाणी नसतं.

परवा तुझ्या भाच्याचा, विपुलचा, फोन आला. म्हणाला, मावशी, आत्या अजून दर गुरुवारी बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. येईल त्या बसच्या दारात वाकून बघते. मागच्या गुरुवारी उन्हाने चक्कर येऊन तिथेच खाली बसलीस म्हणे, आणि उसाच्या रसवाल्याने तुला हाताला धरून घरी आणलं. बस बंद झाली हे तो तुला रोज सांगतो, पण तू त्याला म्हणतेस, "तुला काय माहीत? नाही यायचं तर शालू स्वतः सांगेल." तो रडवेला झाला होता गं. "ती माझं ऐकत नाही, तुम्ही तुमच्या हाताने लिहा," म्हणाला. म्हणून लिहिते आहे. इंदू, मी येणार नाही. या गुरुवारी नाही आणि पुढच्याही नाही. जयेशने आणलं तर येईन, पण त्याची वाट बघू नकोस, मीही बघत नाही. हे मी स्वतः सांगते आहे. थांब्यावर उभी राहू नकोस. घरात सावलीत बस.

तुझीच, पण इथेच राहिलेली,
शालू