उघड्या पाठीचा हेडफोन कोणाकडे जावा याबद्दल

मी, सावळीराम लहानू काठे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार द्वारका, नाशिक, पूर्वीचा धंदा लग्नांना आणि सभांना लाउडस्पीकर भाड्याने देणे, हल्लीचा धंदा पत्नीच्या मते काहीच नाही, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दाब नाही, धाक नाही, चहाखेरीज कसली नशा केलेली नाही. दाखल्यात कानांचा उल्लेख राहिला, म्हणून तो मीच करतो: सारी उमर भोंग्यांखाली काढूनही शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी कितवी हे मला बसल्या जागी सांगता येते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर पत्नी सौ. नवसाबाई हिला. ती हयात असेपर्यंत ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये आणि गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू देऊ नये. तिच्यामागे घर मुलगा समर्थ याला. स्वयंपाकघराची भिंत पाडण्याचा त्याचा बेत त्याने तोवर मनातच ठेवावा.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातले जे काही असेल तेही नवसाबाईला. त्यातले तिने स्वतःच्या भावावर खर्च करू नये ही विनंती. कारण लगेच खाली आहे.

कलम ३. माझे मेहुणे गोटीराम, राहणार सायखेडा, यांनी सत्यनारायणासाठी म्हणून माझा मोठा अॅम्प्लिफायर नेला. पूजा झाली, प्रसाद आला, अॅम्प्लिफायर आला नाही. आता त्यावर त्यांच्या कोंबड्या बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो अॅम्प्लिफायर मी त्यांना या कलमाने देत आहे, म्हणजे निदान कोंबड्या तरी हक्काच्या जागेवर बसतील. माझ्या तेराव्याला त्यांनी जेवून जावे, माईक हातात घेऊ नये.

कलम ४. माळ्यावरचे चार भोंगे समर्थने भंगारात द्यावेत. कोणी वरातीसाठी मागितले तर देऊ नयेत. आम्ही पुष्कळ कान फोडले, तेवढे पुरे.

कलम ५. आता मुख्य वस्तू. माझा हेडफोन, एकच नग, उघड्या पाठीचा, प्लॅनर मॅग्नेटिक जातीचा. बाहेरून आणायचा तर दुचाकीच्या किमतीत जातो, म्हणून घरी केला. तो मी एकट्याने केलेला नाही. भोंगे दुरुस्त करणारा माझा जुना मित्र रहेमान पिंजारी यात बरोबरीचा भागीदार आहे. आम्हाला तो नीट जमेपर्यंत समर्थची दहावी, बारावी, इंजिनिअरिंग आणि लग्न उरकले.

ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. साध्या स्पीकरमध्ये कागदाचा द्रोण असतो आणि त्याला मधोमध धक्का बसतो. आमच्या हेडफोनमध्ये द्रोण नाही. केसाहून पातळ पडदा आहे, त्यावर अॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या, आणि दोन्ही अंगांना चुंबकांच्या रांगा. पट्ट्यांतून गाणे वाहिले की सगळा पडदा एकदम हलतो, चौघांनी चार कोपरे धरून चादर झटकावी तसा. पडदा जास्त ताणला तर बाईचा आवाज चिरका होतो, ढिला सोडला तर चुंबकाला लागून गुणगुणतो. हा ताण रहेमानच्या बोटांना कळतो, आणि जमला की नाही हे माझ्या कानांना.

पण पाठीवरून आमचे वाजले. भोंग्यांच्या धंद्यात मागे गेलेला आवाज म्हणजे वाया गेलेला आवाज, हे आम्ही दोघेही जन्मभर शिकलो होतो. म्हणून रहेमानने नवसाबाईच्या पितळी डब्यांची दोन झाकणे उचलली आणि हेडफोनच्या पाठी पक्क्या बंद केल्या. गाणारा हंड्यात बसून गातोय असे वाटायला लागले. मी पडद्याला दोष दिला, तो माझ्या कानांना दोष देऊन निघून गेला. पंधरवडाभर आम्ही बोललो नाही. मग दिवाळीचा फराळ भरायला नवसाबाईला झाकणे हवी होती, तिने स्क्रू काढून ती नेली. संध्याकाळी मी तसाच उघडा हेडफोन कानाला लावला आणि गाणारा हंड्यातून उठून ओट्यावर येऊन बसला. ढोलकीवाला त्याच्या डावीकडे, पेटीवाला थोडा मागे. मी तसाच अनवाणी रहेमानच्या दुकानात गेलो. त्याने ऐकले आणि म्हणाला, "ठीक आहे. लेकिन आवाज बाहर जा रहा है." त्याच्या मते ती कसूर आजतागायत कायम आहे. पाठीला आता भांडी बाजारातून करून आणलेली पितळी जाळी आहे.

हा हेडफोन समर्थला का नाही? तो गुणी मुलगा आहे, पण त्याच्या कानात दोन पांढरे दाणे असतात, ते घातले की त्याला जग ऐकू येत नाही आणि त्याचे त्याला कौतुक आहे. माझा हेडफोन त्याने एकदा लावला आणि म्हणाला, "पप्पा, यात आईची भांडी ऐकू येतात." त्याच्याकडे तो कपाटात जाईल. म्हणून पहिल्या मसुद्यात मी हेडफोन रहेमानला दिला होता. ते का बदलले हेही लिहून ठेवतो, उगाच मागाहून माझ्या डोक्यावर शंका नको.

गेल्या रविवारी वकील भाग्यश्रीताई निमसे यांनी ओट्यावर मसुदा वाचून दाखवला. रहेमान होता, मी होतो, आणि माझ्या शेजारी रोजच्यासारखी नवसाबाई मेथी निवडत होती. पाचवे कलम संपले तशी ती म्हणाली, "म्हंजी तुम्ही गेल्यावर गाणं बी जाणार?"

"कोणतं गाणं?" मी विचारले.

"रोज तुमच्या कानातून येतं ते. अहो, मेथी काय मला आत पंख्याखाली निवडता येत नाय? हितं कशाला बसते मी?"

जो आवाज रहेमान आणि मी वाया गेला असे धरून चाललो होतो, तो इतकी वर्षे हिच्या कानात जात होता. मला फार आनंद झाला आणि आधी का नाही कळले म्हणून स्वतःचा रागही आला. मी म्हणालो, तुलाच देतो, लाव. तिने कुड्या सांभाळत लावला, डोळे मोठे केले आणि काढून ठेवला.

"लय भारी हाय. पण असं एकटीनं नको वाटतं. कोणीतरी लावून बसलं आन् मला बारीक बारीक आलं, तेच बरं. तुमच्यामागं कोण बसंल?"

माणूस घर ठेवतो, ठेवी ठेवतो, पण शेजारी बसणारा कुठून ठेवणार? मला रडू आले, ते मी मेथीच्या मातीवर ढकलले.

तेवढ्यात रहेमानने भाग्यश्रीताईंच्या हातातले पेन घेतले आणि मसुद्याखाली साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

"चाचा, हे काय केलंत!" ताई म्हणाल्या. "हेडफोन तुम्हाला मिळणार आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, ते कलमच अडचणीत येतं."

"मालूम है, मघाशी तूच सांगितलं ना बेटा. म्हणून तर केली," रहेमान म्हणाला. "आता मला देऊच नको. भाभीकडे राहू दे. मी येतो ना रोज संध्याकाळी. कानाला मी लावतो, भाभी ऐकेल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सावळ्या, पाठ उघडी ठेवली ते बरं केलं. पण हे लिहू नको हां."

मी लिहिले आहे.

सुधारित कलम ५. सदर हेडफोन, वायर आणि गाणी वाजवणाऱ्या डब्यासह, सौ. नवसाबाई हिच्या पूर्ण मालकीचा राहील. ओट्यावर तिच्या डाव्या हाताला जी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर श्री. रहेमान पिंजारी यांची संध्याकाळची वहिवाट राहील. समर्थ, सुनबाई किंवा शेजारीपाजारी यांनी तीस हरकत घेऊ नये आणि चहा द्यावा. रहेमान आजारी असेल त्या दिवशी समर्थने कानातले दाणे काढून तिथे बसावे. हाही लाभच झाला, मग रहेमानची साक्ष चालेल का, असे मी विचारले. भाग्यश्रीताई म्हणाल्या, "काका, हा लाभ नाही, ही ड्यूटी आहे."

वरील सर्व मजकूर नव्याने लिहून काढला, मला वाचून दाखवला, तो माझ्या मनासारखा आहे. खालील दोघांच्या समक्ष मी सही करत आहे आणि त्यांनी माझ्या समक्ष केली आहे.

ठिकाण: राहत्या घराचा ओटा, द्वारका, नाशिक
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) सावळीराम लहानू काठे

साक्षीदार १: (सही) डॉ. शुभांगी विधाते, शेजारीण

साक्षीदार २: (सही) रहेमान उस्मान पिंजारी. मी ही सही दुसऱ्यांदा केली. आवाज किती ठेवायचा ते भाभी सांगतील.